आईची ओळ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कॉलेजातल्या आमच्या सरांचे आहेत, आणि त्यांच्याइतका संशयी माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात मी पाहिलेला नाही. पिपरी मेघेच्या कापड दुकानात बिलासाठी मोबाइल नंबर मागितला, की सर उलट विचारत, "कशाले पाहिजे? कोण कोण पाहीन? केव्हा पुसून टाकसान?" मालक हात जोडी आणि सर बनियन तिथेच सोडून निघत. शेजाऱ्यांनी पेपर मागितला तरी असेच प्रश्न. पण ते कंजूष नव्हते. भाजी पिकवणाऱ्या बायांच्या दुखण्यांची माहिती त्यांनी गावोगाव फिरून जमवली होती. कुणी नीट कारण सांगून मागितली, तर बायांची नावं गाळून आठवड्यात पाठवत. "माहिती पेटीत सडवाची नाई," ते म्हणत, "अन् चौकात वाळूही घालाची नाई."

एम.ए.च्या प्रबंधासाठी ती फाइल त्यांनी मलाही उघडून दिली, विभागातल्या कॉम्प्युटरवर. आमच्या गावाच्या, आंजीच्या तक्त्यात एक ओळ दिसली: वांगी आणि मेथी, दोन मुली, मुलगा वस्तीतला पहिला पदवीधर. तो मीच होतो. पुढचं दुखणं वाचण्याआधी मी हसत हसत सरांना सांगायला गेलो. सर हसले नाहीत. त्यांनी आंजीची फाइल सगळ्यांसाठी बंद केली, माझ्यासाठी सगळ्यांत आधी. प्रबंध द्यायला महिना उरला होता आणि त्यावर माझी नोकरी अडली होती. मी काकुळतीला येऊन म्हणालो, "सर, माझीच आई आहे."

"म्हणूनच," सर म्हणाले. "तुले सांगाचं असतं तं तुह्या मायनं घरीच सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासोबत बसनं आंजीला आले, मला ओट्यावर बसवलं आणि आत जाऊन आईची माफी मागितली. नाव गाळलं की माणूस ओळखू येत नाही असं समजलो, ही चूक माझी, असं ते मला वाटेतच म्हणाले होते. आत बराच वेळ बोलणं चाललं. बाहेर आले तेव्हा त्यांची पिशवी वांग्यांनी भरली होती, एवढंच मला कळलं. मग मुलांचा रकाना काढून टाकून, आसपासची गावं एकत्र करून आम्ही नवी फाइल केली. प्रबंध उशिरा गेला. ती नोकरी हुकली, पुढची मिळाली.

सर आता मुलीकडे नाशिकला असतात. मध्यंतरी त्यांनी सगळ्या फाइली माझ्या ताब्यात द्यायचं ठरवलं. मी त्यांना लिहिलं:

"सर, साष्टांग नमस्कार. नवी फाइल मी सांभाळीन, मागणाऱ्याला तुमचेच प्रश्न विचारीन. नावं असलेल्या मूळ फाइलचा पासवर्ड मात्र मला पाठवू नका, विभागातल्या मॅडमना द्या. आई पोळ्यानंतर गेली. तिनं तुम्हाला सांगितलेलं दुखणं त्या फाइलीत आहे, ते वाचावंसं फार वाटतं. म्हणूनच."