प्लायवूडचं चेंबर

“तू आत उतर. धूर सोडला की खोक. झाकण उघडलं की बाहेर ये आणि ईशानला हात जोड,” प्रोजेक्टच्या मॅडम मला म्हणाल्या.

शाळेच्या हॉलमध्ये प्लायवूडचं ड्रेनेज चेंबर उभं होतं. आतून काळा रंग. इतका काळा, की भरदुपारी डोकावलं तरी रात्रीचं जेवण राहिल्यासारखं वाटावं. वर खरं लोखंडी झाकण. ते आमच्या टीममधल्या ईशानच्या वडिलांनी पाठवलेलं. ते बिल्डर. त्यांनी कर्वेनगरात एवढे मजले चढवलेत, की चंद्र वळसा घालून जातो.

स्पर्धा शाळाशाळांची. समाजातला एक प्रश्न घ्यायचा, त्यावर यंत्र बनवायचं. आमचं यंत्र माणूस न उतरवता चेंबर साफ करणारं. त्यातला गाळ उचलणारा पंजा मी बनवला, सायकलच्या चेनवर चालणारा. पकड अशी, की मॅडमची ओढणी सापडली असती तर मॅडमसकट उचलली असती. तरी टीमची ओळख ठरली ती अशी : चार इंजिनियर आणि एक युजर.

युजर मी. कारण आबा, माझे वडील, ठेकेदाराकडे ड्रेनेजचं काम करतात.

“तुझ्यामुळे ऑथेंटिसिटी येते गं,” मॅडम म्हणाल्या. इतक्या गोड, की मला मुंग्या लागायच्याच बाकी होत्या.

मी तेव्हा आठवीत. आठवीपर्यंत आरटीईच्या कोट्यातून फी नाही. नववीला माफ करायची की नाही, ते शाळा ठरवणार. ही आठवण मॅडम जाता-येता, सहज करून द्यायच्या.

म्हणून तालमीला उतरले.

झाकण बसलं. धूर आला. खोकले. झाकण उघडेना. वर ईशान बसला होता.

“काय युजर, कसं वाटतंय?”

बाकीचे हसले. मग मॅडमही हसल्या. प्लायवूडमधून सगळं ऐकू येतं.

मला काका आठवला. काका एवढा धिप्पाड, की त्याच्या सावलीत बिबवेवाडीतली आमची अख्खी गल्ली झोपायची. तो खऱ्या चेंबरमध्ये उतरला होता. वर दोरी आबांच्या हातात. दोरी हलली की ओढायचं, ही त्यांची रीत. दोरी हललीच नाही. आबा वाट बघत उभे राहिले.

ही गोष्ट मी कधी फुगवून सांगत नाही.

घरी आबांना तालमीचं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

“नाटकात बी नाय उतरायचं.”

“फी गेली तर?”

“जाऊ दे. वर उभा राहून मी परत वाट बघणार नाय.”

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक समोर बसले. धुराचं मशीन घरघरायला लागलं. झाकण उघडलं गेलं. मॅडमनी मानेनं खूण केली. मी यंत्राशेजारून हलले नाही.

“मी उतरणार नाही,” मी म्हणाले. “पंजा मी बनवलाय. त्याचं काय ते मला विचारा.”

एक परीक्षक समजुतीनं म्हणाले, “अगं बाळ, हे नुसतं नाटक आहे.”

“नाटक आहे ना सर? मग ईशान उतरेल.”

हॉल असा गप्प झाला, की पार्किंगमधल्या ड्रायव्हरची जांभई आत ऐकू आली. ईशाननं ब्लेझर सारखा केला. बाकीच्यांनी बुटांकडे पाहिलं. नुसत्या नाटकात उतरायला एकही तयार नव्हता.

मॅडमनी मला पडद्यामागे ओढलं. “आत्ताच्या आत्ता सगळ्यांची माफी माग. नववीचं मी बघते.”

“मागणार नाही.”

“मग तुझं तू बघ.”

बघितलं. पाना घेतला, परत स्टेजवर गेले, सगळ्यांसमोर पंजाचे नट काढले. यंत्राचा उरला नुसता दांडा. अडवायला कुणी आलं नाही.

फी माफ झाली नाही. आता मी महापालिकेच्या शाळेत आहे. यंदा त्याच स्पर्धेला चाललेय, इंजिनियर म्हणून. पंजा घेऊन. चेंबरसुद्धा नेणार आहे, खोल आणि काळं. त्यात यंत्र उतरेल. माणूस उतरणार नाही. आमचा नाही, तुमचाही नाही.