दोन रायफलींतली एक

अप्पांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला, त्याच वर्षी त्यांनी रायफल घ्यायचं ठरवलं. ऐकायला हे उलटं वाटतं. पण रायफल त्यांना स्वतःसाठी नको होती, ती मी चालवायची होती.

आमचं सोलापुरात डाळींचं दुकान आणि मोहोळच्या अलीकडे बारा एकर जमीन होती. विहिरीखाली उन्हाळी भुईमूग असायचा. ओढ्यातली रानडुकरं संध्याकाळी वर यायची आणि तासाभरात सरीच्या सरी उकरून ठेवायची. घरात बारा बोअरची जुनी बंदूक होती, पण तिचा छर्रा लांबवर पोचत नसे. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, एका शाळेत भूगोल शिकवत होते. कॉलेजात एनसीसीत असताना नेमबाजी शिकले होते आणि शहरातल्या रायफल क्लबात रविवारी जात होते. तिथं कागदी वर्तुळावर पाचातल्या चार गोळ्या मधल्या काळ्यात बसवायची. अप्पांना याचा अभिमान होता. नातेवाइकांत कुणी नाक मुरडलं की ते म्हणायचे, "नेम मुलाचा का मुलीचा, हे डुकराला कळत नाही."

रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक गृहस्थ वर्षभरापूर्वी वारले होते. त्यांच्या दोन विलायती रायफली त्यांच्या पत्नीला विकायच्या होत्या. अप्पांच्या परवान्यावर एकच बसणार होती. बाईंनी निरोप पाठवला, दोन्ही चालवून बघा आणि पसंत पडेल ती घ्या. जानेवारीतल्या एका सकाळी त्यांचा जुना गडी दोन्ही रायफली जीपमध्ये घालून शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत घेऊन आला. हा साठीचा माणूस साहेबांबरोबर पंचवीस वर्षं शिकारीला हिंडलेला होता.

दोन्ही एकाच पद्धतीच्या. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून परत वर आणली, की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत सरकतं. दोन्हींना काडतुसंही एकाच मापाची लागायची. बाकी सगळं वेगळं.

पहिली लांब आणि जड होती. तिची काडतुसं पोटातल्या एका गोल फिरकीत बसत. डाव्या बाजूला छोटीशी खिडकी होती, आत किती शिल्लक आहेत त्याचा आकडा तीत दिसे. तिचा घोडा आतल्या आत होता, बाहेरून दिसतच नव्हता. खटका सरकवला की ती बंद, उलटा सरकवला की चालू.

दुसरी आखूड आणि हलकी. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपलेली. घोडा बाहेर, अंगठ्याजवळ. दस्त्याचं लाकूड हात लागून लागून गुळासारखं झालेलं. खांद्याला लावली आणि मला वाटलं, ही माझीच आहे.

शंभर पावलांवर मी कागद लावला. जड रायफलीतून, दगडाच्या टेकूवर, पाच गोळ्या मारल्या. पाचही भोकं तळव्याखाली झाकली जातील इतकी जवळ. हलकीतून पाच मारल्या, त्या कागदभर पसरल्या.

अप्पांनी चष्मा वर करून दोन्ही कागद डोळ्यांजवळ धरून पाहिले. म्हणाले, "कागद तर सांगतोय की. पण शेतात टेकू नाही, उभ्यानं मारायचं. तू सांग. हात तुझे, डोळे तुझे." आणि ते जीपमधल्या थर्मासमधून चहा ओतायला गेले.

तेवढ्यात तो गडी माझ्याजवळ आला. हलकी रायफल माझ्या हातातून घेऊन त्यानं रिकामी केली, दोनदा तपासली.

"ताई, ही घेनार असाल तर एक बगून ठेवा," तो म्हणाला. "ह्या बंदुकीला बंद करायचा खटका न्हाय. काडतूस आत घेतलं की घोडा मागं चढलेला ऱ्हातो. मारायचं न्हाय ठरलं, तर अंगठ्यानं घोडा धरायचा, चाप दाबायचा, आन घोडा हळूहळू खाली आनायचा. अर्ध्यात अडकतो तितं. अंगठा घसरला तर संपलं."

त्यानं करून दाखवलं. त्याचा अंगठा जाड आणि खरखरीत होता. घोडा इतका सावकाश खाली आला की आवाजही झाला नाही.

"साहेबांचा घसरला हुता," तो म्हणाला. "म्होरं माजा थोरला भाऊ चालत हुता."

मी विचारलं, "वारले?"

"व्हय. दोन दिस हुता." मग रायफल परत माझ्या हातात देऊन म्हणाला, "साहेबांनी मागनं ही कधी चालवली न्हाय. पुसून ठेवायचे निस्ती."

अप्पा चहा घेऊन आले. त्यांनी विचारलं, "मग? कुठली?"

मी त्या क्षणी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर अप्पांनी जड रायफल घेतली असती, कदाचित एकही घेतली नसती. माझ्या मनात आलं, साहेब म्हातारे असतील, निष्काळजी असतील, मी तशी नाही. खरं कारण याहून क्षुद्र होतं. ती मला शोभत होती.

"ही हलकी," मी म्हणाले. गडी जमिनीकडे बघत होता.

मार्च संपता संपता ती परवान्यावर चढून घरी आली. मी रिकाम्या रायफलीवर घोडा खाली घ्यायचा सराव केला, रोज संध्याकाळी वीस वेळा. एकदाही अंगठा घसरला नाही. पण जेवताना, शाळेत नकाशा काढताना, न पाहिलेला तो थोरला भाऊ माझ्यापुढे चालताना दिसायचा. पाठमोरा, खांद्यावर घोंगडी. त्याचं तोंड मला कधी दिसलं नाही.

एप्रिलच्या शेवटी आम्ही शेतातल्या वस्तीवर गेलो. वस्तीवर आमचा राखणदार आणि त्याची बायको राहत होती. तो अप्पांसारखाच कानडी-मराठी मिसळून बोलायचा. बायको माझ्याच वयाची, लग्नाला वर्ष झालेलं, बोलणं कमी. त्यांचं खोपट विहिरीपासून वीसेक पावलांवर होतं, कुडाच्या भिंतींचं. आत नव्या ज्वारीनं काठोकाठ भरलेली कणगी. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून आम्हीच ती तिथं ठेवली होती.

उन्हं कलली तशी मी आणि अप्पा विहिरीच्या थारोळ्याआड, मोटेच्या दगडी हौदामागे, बसलो. राखणदार ओढ्याच्या बाजूला गेला होता. थोड्या वेळानं भुईमुगाचे वेल हलले. मी कडी ओढली, काडतूस आत घेतलं. वेलांतून डुकरीण बाहेर आली आणि तिच्यामागे पट्ट्यापट्ट्यांची पाच-सहा पिल्लं.

अप्पांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "बेडा," ते हळूच कानडीत म्हणाले. नको. "पिल्लं आहेत. जाऊ दे."

मी रायफल खांद्यावरून खाली घेतली. पिल्लांवरून नजर काढून मी अप्पांकडे वळले, आणि वळताना नळीही माझ्याबरोबर खोपटाच्या दिशेला वळली. घोडा चढलेला होता. मी अंगठा ठेवला, चाप दाबला. दुपारपासून तळहाताला घाम होता. वीस वेळा, रोज, महिनाभर केलेलं काम. घोडा माझ्या अंगठ्याखालून साबणाच्या वडीसारखा निसटला.

आवाज नंतर आला असं मला आठवतं. आधी समोरच्या खोपटाच्या कुडातून धूळ उडालेली दिसली.

अप्पांना नीट दिसत नसतानाही ते माझ्या आधी पोचले. मी रायफल मातीत टाकली तशा हातातल्या बांगड्या वाजल्या, आणि मी धावले. दारात पोचले तेव्हा आतून सळसळ ऐकू येत होती, पाऊस सुरू व्हावा तशी. कणगीच्या अलीकडच्या अंगाला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं आणि ज्वारी त्यातून धार लागून जमिनीवर सांडत होती. कणगीच्या पलीकडे ती बसली होती. मांडीवर सूप, सुपात डाळ. गोळी कणगीत शिरली होती आणि धान्यातच थांबली होती. ती ना ओरडली ना उठली. सांडणाऱ्या ज्वारीकडे बघत राहिली.

राखणदार धापा टाकत आला. बायकोला हात लावून बघितलं, मग भोकाकडे, मग आमच्याकडे.

अप्पा म्हणाले, "माझ्या हातून सुटली. मला दिसत नाही आणि मी उगाच हातात घेतली. माझी चूक झाली. पाया पडतो तुझ्या." आणि ते खरोखर खाली वाकले. राखणदारानं त्यांचे खांदे धरून त्यांना वर उठवलं.

मी दोन पावलांवर उभी होते. तोंड उघडलं नाही.

परतताना एसटीत मी अप्पांना खाणीतली गोष्ट सांगितली, गडी काय म्हणाला ते सगळं. त्यांनी एकच विचारलं, "तुला हे घ्यायच्या आधी माहीत होतं?"

"हो."

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी रायफल पोलीस ठाण्यात जमा केली आणि परत कधीच सोडवली नाही. पुढे शिकारबंदीचा कायदा आला. लोकांना वाटलं, कायदा पाळणारा माणूस, आधीच शहाणा झाला. मी क्लबात जाणं सोडलं. का सोडलं असं विचारलं की शाळेचं काम वाढलं म्हणून सांगायची.

गोळी सुटली त्याच्या पुढल्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ आला. तेव्हा एकदा वस्तीवर गेले होते. कणगी तशीच उभी होती, भोकाला शेणाचा गोळा लावलेला. मी वाकून आत बघितलं. तळाशी दोन बोटं ज्वारी होती. मी तिथं किती वेळ वाकून उभी राहिले माहीत नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं मला तीच रिकामी कणगी स्वप्नात दिसत राहिली. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मांडीवर सूप घेतलेली ती, आणि मधे काहीच नाही. कधीकधी तिच्या जागी तो पाठमोरा माणूस असायचा.

अप्पा अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात गेले. त्यांनी ती गोष्ट माझ्याजवळ पुन्हा काढली नाही, आणि आपणच गोळी झाडली हे शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिले. दिवसकार्य झाल्यावर मी एकटी वस्तीवर गेले. राखणदार बाजारला गेला होता. ती ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं. अप्पांनी नाही, मी. घोडा माझ्या अंगठ्याखालून सुटला.

तिनं शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. "बार झाला आन लगीच बांगड्या वाजल्या. अप्पांच्या हातात कुटनं बांगड्या?"

"मग तू कधी बोलली नाहीस?"

"अप्पा येवढा मोठा मानूस, माज्या नवऱ्याच्या म्होरं वाकला. त्येंनी एक खोटं बोललं तर त्ये आमी का उघडं पाडावं?" मग थोडं थांबून म्हणाली, "पर तुमी बोलाल असं वाटत हुतं. पयलं वरीस लई वाटायचं. मग वाटायचं बंद झालं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

"तवा मला तिसरा म्हैना हुता," ती म्हणाली. "कुनालाच सांगितलं न्हवतं. ह्येंनाबी न्हाय."

आतून एक मुलगी पाटी घेऊन बाहेर आली. सात वर्षांची असेल. मला बघून ती आईच्या पाठीमागे लपली. मी तिला तिचं नाव विचारलं, तिनं सांगितलं.

निघताना आई तिला म्हणाली, "बाईंना सडकंपातूर सोडून ये." वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना उभं पीक. मुलगी उड्या मारत माझ्यापुढे चालू लागली, पाठमोरी, खांद्यावर ओढणीसारखं टाकलेलं आईचं फडकं. दहा-बारा पावलं गेले आणि मी थांबले.

"पुढं नको," मी तिला म्हणाले. "इकडं ये. माझ्या बाजूनं चाल."

तिनं वळून बघितलं. वाट एकाच माणसापुरती होती, तरी ती मागे आली आणि पिकात पाय देत माझ्या शेजारून चालू लागली.