रस्त्यापलीकडची बँक

द्वारकेतल्या आमच्या सोसायटीतून मी आणि माझा एक पुणेकर मित्र गुडगावला एकाच गाडीने जायचो. गुरुग्राम हे नाव तेव्हा यायचं होतं. एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी. दोघंही इन्व्हेस्टमेंट बँकांत होतो, पण स्पर्धेतल्या. त्याच्या बँकेचा टॉवर रस्त्याच्या एका बाजूला, आमचा समोर. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, गाडीत ऑफिस काढायचं नाही. मग विषय उरायचे क्रिकेट, मिसळ म्हणून दिल्लीत काय काय खपवतात ते, आणि आमच्या मुलांचं मराठी. त्याची मुलगी एकदा म्हणाली होती, "बाबा, मला बिल्कुल नींद येत नाहीये." ते वाक्य आम्ही वर्षभर पुरवलं.

मग अमेरिकेत इमारतींवर दिलेली कर्जं बुडायला लागली, आणि ती कर्जं पोटात घेऊन बसलेल्या बँकाही. सगळ्यात खोलात गेली ती माझ्या मित्राची. तिला विकत घ्यायला एकच बँक तयार होती. आमची.

त्या शनिवारी तो मला लिफ्टमध्ये भेटला. हातात दुधाच्या पिशव्या.

"काय मग, आता एकाच गेटने आत जायचं म्हणतात!"

"नियम, नियम," मी म्हणालो.

"अरे, लिफ्टला कुठे नियम आहे?" तो हसला, पण डोळे माझ्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते बघत होते. दुसऱ्या मुलीच्या वेळी वहिनींनी नोकरी सोडली होती. घर त्याच्या एकट्यावर होतं. सौदा झाला तर त्याची नोकरी टिकणार, फिसकटला तर त्याची बँकच राहणार नाही.

मी सरळ ऑफिसलाच निघालो होतो. त्याच्या बँकेकडच्या कर्जांची आजच्या बाजारात काय किंमत येईल, हे काढायचं काम माझ्या टीमकडे आलं होतं.

रविवारी दुपारपर्यंत उत्तर आलं, आणि ते वाईट होतं. त्यांनी किमती लावल्या होत्या त्या बाजार चढा असतानाच्या. मी न्यूयॉर्कमधल्या माझ्या बॉसला सगळं कळवलं. संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, आमच्या बँकेच्या प्रमुखांचा कॉल सुरू झाला. त्यांना मी लॉबीतल्या फोटोतच पाहिलेलं. फोनवर ते काहीतरी खात होते, चावण्याचा आवाज स्पष्ट येत होता.

मोठ्या लोकांच्या कॉलवर गुडगावने म्यूटवर राहायचं, हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा. काही सांगायचं तर आपल्या बॉसला मेसेज करायचा, त्याला वाटलं तर तो बोलेल.

"म्हणजे त्यांची कर्जं ठीक आहेत, असं सगळ्यांचं मत?" प्रमुखांनी विचारलं.

"साधारणपणे, हो," माझा बॉस म्हणाला.

मी मेसेज केला. तो बोलला नाही. पुन्हा केला. कॉल पुढच्या विषयाकडे सरकायला लागला. माझा हात फोनकडे जाताना पाहून शेजारची सहकारी कुजबुजली, "सर, म्यूट पे ही रहो. प्लीज."

खरं सांगतो, तो सल्ला मला गोड वाटला. गप्प बसलो तर माझी खुर्ची वाचत होती आणि मित्राची नोकरीही. गप्प बसण्याला इतकं चांगलं कारण मला आयुष्यात पुन्हा मिळालं नाही.

मी बटण दाबलं.

"सर, गुडगावहून बोलतोय. ठीक नाहीत. आजच्या भावाने मोजलं तर खड्डा इतका मोठा आहे, की त्यांना घेतलं तर आपणही त्यात जाऊ."

चावणं थांबलं. प्रमुखांनी प्रश्न विचारले, एकामागून एक, आणि मी प्रत्येकाचं उत्तर आकड्यांत दिलं. शेवटी ते म्हणाले, "आपण घेत नाही आहोत. थँक यू, दिल्ली."

गुडगाव म्हणजे दिल्ली नव्हे, पण त्या क्षणी कोण दुरुस्त करतंय! आम्ही परत म्यूटवर गेलो आणि टीम अक्षरशः किंचाळली. कोणी टेबलावर चढलं. कोणी जिलेबी मागवली. मीही ओरडलो, घसा बसेपर्यंत. हजारो लोकांची बँक आम्ही वाचवली होती. खाली उतरल्यावर मात्र समोरच्या टॉवरच्या पेटलेल्या खिडक्या दिसल्या, आणि हातातली जिलेबी मी तशीच कागदात गुंडाळली.

सोमवारी गाडी त्याची होती. टीव्हीवर सगळं आलं होतं, तरी तो ठरल्या वेळी खाली उभा. एक्स्प्रेसवेला लागल्यावर मी नियम मोडला आणि त्याला सगळं सांगितलं. ते बटणसुद्धा.

त्याने टोलसाठी सुट्टे पैसे काढून ठेवले. टोलच्या रांगेत म्हणाला, "म्हणजे पेट्रोल माझं जाळतोस आणि बँकही माझीच बुडवतोस?"

"अरे..."

"खरं होतं ना, बोललास ते?"

"हो."

"मग झालं. आमच्याकडे एकाने जरी बटण दाबलं असतं ना..." मागून हॉर्न वाजले. वाक्य तिथेच राहिलं.

त्याच आठवड्यात प्रमुखांनी मला फोन केला आणि या वेळी माझं नाव विचारून घेतलं. तुला काय हवंय, म्हणाले. मी म्हणालो, माणसं. बुडीत कर्जांची खरी किंमत काढायला आता ढिगाने माणसं लागतील, आणि ती रस्त्यापलीकडेच बसली आहेत. "घे," ते म्हणाले.

सगळ्यांना नाही घेता आलं. राहिले त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. मित्राने तर अटच घातली, "माझा इंटरव्ह्यू तू घ्यायचा नाहीस. मला भीक नको." मी खोलीबाहेर बसलो आणि तो स्वतःच्या जोरावर पास झाला.

त्याच्या पहिल्या दिवशी आम्ही दोघं एकाच गेटने आत गेलो. संध्याकाळी न्यूयॉर्कचा कॉल होता. मी एका इमारतीची किंमत सांगितली, सगळे हो म्हणाले. तेवढ्यात माझ्या शेजारून एक हात पुढे आला आणि बटण दाबलं गेलं.

"गुडगावहून बोलतोय," माझा मित्र म्हणाला. "ही किंमत चुकीची आहे."

त्याने कारणं दिली, आणि तो बरोबर होता. सगळ्यांसमोर मी तोंडघशी पडलो, आणि इतका आनंद मला त्या रविवारीही झाला नव्हता.

परत जाताना गाडी माझी होती. बसल्या बसल्या तो म्हणाला, "आता गाडीत ऑफिस चालेल ना?" आणि द्वारका येईपर्यंत माझी आणखी एक चूक समजावून सांगत राहिला.