नाकमुरडे मास्तर आणि बाहुलीचं घर

आमच्या ह्यांना जगात दोनच वास आवडतात, एक लाखेच्या पॉलिशचा आणि दुसरा स्पिरिटचा. बाकी सगळ्या जगाला हे नाक मुरडतात. फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करण्यात ह्यांची हयात गेली. तिथले कामगार पाठीमागे ह्यांना नाकमुरडे मास्तर म्हणायचे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. कपाट समोर आलं की आधी 'शी'. मग त्यावरून हात फिरवायचा, पुन्हा 'शी', आणि मगच कामाला लागायचं. निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, चला, सुटले मी त्या वासातून. कसली सुटतेय.

आमची लेक आणि नात आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. नातीला आम्ही ठकी म्हणतो. तिच्या वाढदिवसासाठी लेकीने बाहुलीच्या घराचं किट मागवलं. खोकं उघडलं तर आत पातळ प्लायवुडचे तुकडे, जिना, इवल्याशा खिडक्या आणि एका पुडीत केसासारख्या तारा नि बारीक दिवे. ठकीला त्या दिव्यांचंच काय ते कौतुक. लेक म्हणाली, "बाबा, लाकडाचं काम म्हणजे तुमचंच. मला काही हे जमायचं नाही."

ह्यांनी एक तुकडा उचलून वास घेतला. "शी. ह्याला लाकूड म्हणतात? पुठ्ठा आहे पुठ्ठा." पण तुकडा खाली ठेवला नाही, तेव्हाच मी समजले की आता माझ्या घराची वाट लागणार.

लागलीच. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, त्यावर डबे, त्यावर चिंध्या. सूचनांचा कागद स्टेनच्या, म्हणजे लाकडात मुरवायच्या तपकिरी रंगाच्या, डब्याखाली गेला. "मला शिकवणार हे?" म्हणाले. स्टेनमध्ये गुठळ्या झाल्या, तर माझी चहाची गाळणी घेऊन गाळला. मला सकाळी कळलं, चहाला तपकिरी साय आली तेव्हा. मी तो चहा मोरीत ओतला आणि गाळणी ह्यांच्यासमोर कचऱ्यात टाकली. ह्यांनी ती कचऱ्यातून काढून पुन्हा वापरली. अशा माणसाबरोबर मी संसार केला.

आता माझ्या भावाचं सांगते, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही. माझा धाकटा भाऊ रंगारी आहे. दारं, खिडक्या, भिंती रंगवतो. आमच्या ह्यांच्या लेखी रंगारी म्हणजे लाकडाचा वैरी. पॉलिशवाला लाकूड दाखवतो आणि रंगारी ते झाकतो, हे ह्यांचं पालुपद. भावाने पै पै जोडून स्वतःचं घर घेतलं, पुढचं दार चांगल्या लाकडाचं केलं आणि स्वतःच्या हाताने निळं रंगवलं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याच्या सासरची माणसं जमली होती. हे दारातच थांबले, दारावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "शी. एवढ्या चांगल्या लाकडाचं तोंड काळं केलंस."

भावाने तरी सरबत आणलं, पंखा लावला, सगळं केलं. पण त्यानंतर तो आमच्या घरात पाऊल ठेवायचा बंद झाला. मला भेटायला यायचा, पण कोपऱ्यावरच्या दुकानापाशी. मी पिशवी घेऊन खाली जायची, तो स्कूटरवर बसल्या बसल्या बोलायचा आणि निघून जायचा. सख्खा भाऊ रस्त्यावर भेटतो, ह्याची मला लाज वाटायची आणि ह्यांची शिसारी यायची. तो एकदा माझ्या घरात येऊन बसावा, मला दुसरं काही नको होतं. ह्यांना माफी मागायला सांगून मी थकले. "मी खोटं काय बोललो?" ह्यावर गाडी अडायची ती अडायचीच.

तर ते बाहुलीचं घर. ह्यांनी दोन दिवसांत भिंती, मजले, छप्पर, सगळं गोंद लावून उभं केलं. जिना आणि पुढचं दार तेवढं बाजूला ठेवलं, शेवटी बसवायचं म्हणून. त्या दोन्हींना आधीच स्टेन लावून वर लाखेचे हात दिले होते, आणि खरं सांगते, ते सुरेख झाले होते. मग उभ्या घराला स्टेन लावायला घेतला. भर दुपारी मी पडले होते, तर बाहेर एकदम शांतता. हे काम करताना सतत पुटपुटत असतात, ते बंद झालं म्हणून मी उठून आले.

घरभर पांढरे चट्टे पडले होते. सांध्यांवर, कोपऱ्यांत, भिंतींवर जिथे जिथे गोंदाची बोटं लागली होती, तिथे स्टेन बसलाच नव्हता. बाकी लाकूड तपकिरी आणि मधे मधे हे फटफटीत डाग. बघवत नव्हतं.

"गोंदावर स्टेन धरत नाही," हे म्हणाले. "आधी स्टेन, मग जोडणी. शेंबड्या पोराला कळेल."

"मग तुम्हाला कसं नाही कळलं?"

विचारलं आणि माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. कारखान्यात ह्यांच्यापुढे कपाट यायचं ते जोडलेलं, सुतारांनी गोंद खरवडून, पुसून, घासून दिलेलं. लाकूड ह्यांच्याकडे न्हाऊनमाखूनच यायचं. आधी जोडणी आणि मग पॉलिश, हाच क्रम हाडात मुरलेला. दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती.

ह्यांनी पॉलिशपेपरने घासून बघितलं. प्लायचा वरचा पापुद्राच निघून आला, डाग आणखी मोठे झाले. तेवढ्यात ठकी शाळेतून आली. घराभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "आजोबा, ह्याला खरूज झालीये?"

हे उठले, घर उचलून कपाटावर ठेवलं आणि वर चादर टाकली. ठकी चादरीकडे बघत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं. "मग दिवे नाही लागणार?" एवढंच विचारून वर गेली.

मला इतका संताप आला की मी गप्प बसू शकले नाही. "रंग लावा त्याला. पांढरा रंग लावा, सगळे डाग झाकतील."

"शी."

"शी काय शी? जन्मभर दुसऱ्याच्या कामाला शी केलंत, आता स्वतःच्या कामाला चादर घालताय. वीट आलाय मला तुमच्या नाकाचा."

 दुसऱ्या दिवशी हे खिडकीशी उभे राहून बाहेर बघत म्हणाले, "तुझा भाऊ संध्याकाळचा मोकळा असतो का हल्ली?"

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. मी म्हटलं, "मला काय माहीत? तुमच्याकडे त्याचा नंबर आहे. करा फोन."

ह्यांनी अर्धा तास घरात येरझाऱ्या घातल्या. शेवटी फोन लावला आणि अगदी बाजारभाव विचारावा तसं विचारलं, "पातळ प्लायवर पांढरा रंग बसतो का रे?" पलीकडून काहीतरी विचारलं असणार. "नाही, कपाट नाही. ठकीचं खेळण्यातलं घर आहे. मी बिघडवलंय." मग बराच वेळ हे नुसते ऐकत उभे राहिले आणि फोन ठेवला. येतो म्हणाला की नाही, ते मला विचारवेना.

तो आला. संध्याकाळी कामावरूनच, कपड्यांवर रंगाचे शिंतोडे, हातात डबा आणि ब्रशची पिशवी. दारात उभा राहिला. चप्पल काढेना. मी "ये" म्हणाले, तरी तसाच. तो माझ्या "ये"साठी थांबला नव्हता, हे मला कळत होतं.

हे आतून ते घर दोन्ही हातांनी उचलून घेऊन आले आणि दारातच त्याच्यापुढे धरलं. "बघ. माझं काम. म्हण काय म्हणायचं ते."

 त्याने 'शी' म्हटलं असतं तर ह्यांना ऐकून घ्यावंच लागलं असतं, आणि मग ते दोघं पुन्हा कधी एकमेकांचं तोंड बघते ना. भावाने एका चट्ट्यावरून अंगठा फिरवला. कोपरा बघितला, खालची बाजू बघितली.

"भाऊजी," तो म्हणाला, "गोंद पुसायचं काम सुतारांचं. तुम्हाला कधी करावंच लागलं नसेल."

"नाही लागलं," हे म्हणाले. मग घर खाली टेकवत, "तुझ्या दाराबद्दल मी तसं बोलायला नको होतं. चार माणसांत तर नकोच."

भावाने मान हलवली आणि चप्पल काढली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

बाहेर आले तर दोघांची जुंपली होती. "आधी तारा घालायच्या, भाऊजी. रंगानंतर भोकं पाडाल तर टवके उडतील." "मला अक्कल शिकवू नकोस." "मग धरा नीट." दोघांची बोटं जाडजूड, तार काही भोकातून जाईना. ठकीला हाक मारली, तिने एका दमात सगळ्या तारा ओढून दिल्या. बॅटरी जोडली तर माळ्यावरचा दिवा लागेना. ह्यांनी तारांची टोकं उलटी जोडली होती. भावाने ती बदलली, दिवा लागला, ठकीने उड्या मारल्या. टेबलावर तारांचे तुकडे, रंग, चिंध्या, मधेच खाल्लेल्या शेंगांची टरफलं. उकिरडा झाला होता नुसता.

मग भावाने रंगाचा डबा उघडला. पण ब्रश बुडवण्याआधी कागदी चिकटपट्टी काढली आणि ह्यांनी दिवा लागल्याच्या भरात बसवून टाकलेला तो लाखेचा जिना आणि पुढचं दार काठाकाठाने झाकून घेतलं, एक थेंब उडू नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. हे बघत बसले. त्या संध्याकाळी ह्यांच्या तोंडून एकदाही 'शी' निघालं नाही. रंगाचा एक हात झाला, भाऊ चहा पिऊन निघाला. परत येतो वगैरे काही म्हणाला नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

सकाळी मोरीत गेले, तर माझ्या स्टीलच्या चांगल्या पेल्यात गढूळ पांढरं पाणी आणि त्यात भावाचा ब्रश उभा. पाहुण्यांसाठी ठेवलेला पेला.  ब्रश काढून फेकणारच होते, तेवढ्यात हे मागून आले.

"शी. असा उभा ठेवतात का ब्रश? केस वाकतात."

ह्यांनी ब्रश काढून धुतला, केस बोटांनी सरळ केले आणि दांड्याला सुतळी बांधून तो खिडकीच्या गजाला टांगला, खाली कशालाही टेकणार नाही असा. माझा भाऊ एकही ब्रश कधी कुठे विसरलेला मला आठवत नाही. मी तसं म्हटलं.

"मग?" हे म्हणाले. "रंगाला दुसरा हात द्यावाच लागतो. संध्याकाळी येईल तो. तेवढा तो पेला घासून ठेव, चहा त्याला त्यातच दे."