जयूच्या बदल्यात मी

आमच्या साटंलोटं सरांना नुसतं देणं ठाऊक नव्हतं आणि नुसतं घेणंही. शेजारीण कढीपत्ता मागायला आली की हे लिंबं मागणार. कुणाला सायकलचा पंप दिला तर त्याची शिडी घेऊन येणार, मग घरात शिडीचं काम असो वा नसो. "साटंलोटं असलं की दोन घरं एकमेकांना धरून ऱ्हातात," म्हणायचे. लेक द्यायची आणि त्याच घरची लेक सून करून आणायची, हा लग्नातला शब्द त्यांनी खो-खोच्या मैदानावर आणला आणि त्यात मी सापडले.

येडशीत सर मुलींचा संघ चालवत. जयू म्हणजे त्या संघाचा जीव. तिनं खांबावर सूर मारला की पळणारी बाद झालीच म्हणून समजा. पण संघातल्या चांगल्या पळणाऱ्या दोघी लग्न होऊन गेल्या आणि संरक्षणाला कुणी उरलं नाही. सरांनी उमरग्याच्या संघाशी बोलणं केलं. जयूनं तिच्या मामाकडं उमरग्याला जायचं, मी उमरग्याची पळणारी, मी मावशीकडं येडशीला यायचं. दोन्हीकडच्या आईवडिलांना विचारून झालं. जयूच्या आजीला सांगायचं तेवढं राहिलं.

आजीच्या कानावर एवढंच गेलं, की सरांनी नातीचं साटंलोटं ठरवलंय. ती तरातरा मैदानातच आली. "सर, नात अकरावीत हाय माझी! आन् तिकडची पोरगी आणली ती कुणाला? आमच्या घरात तर पोरगाच न्हाय!"

"संघाला, आजी, संघाला!" सर गडबडून म्हणाले.

"आता ह्यो संघा कुणाचा?"

आम्ही मुली पोट धरून हसलो. त्या दिवसापासून सरांना 'साटंलोटं सर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

माझं हसू मात्र फार टिकलं नाही. पहिल्याच वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात आमची गाठ उमरग्याशी पडली आणि जयूनं मला चाळीस सेकंदांत बाद केलं. गावात लोक तोंडावर म्हणायला लागले, "सोनं देऊन पितळ आणलं." मी मावशीच्या घरात दोन दिवस जेवले नाही. सर आले आणि म्हणाले, "पोरी, साटंलोट्यात कोण फसलं ते पहिल्या दिवाळीला बघत न्हाईत. ऊठ."

मग त्यांनी मला घरी नेऊन कोंबडी पकडायला लावली. रोज. "ती हूल कशी देती बघ. आजपासून तीच तुझी मास्तरीण." त्यांच्या बायकोनं वैतागून एकदा विचारलं, की पोरगी पळायला शिकती का माझी कोंबडी? कोंबडी तयारीची झाली हे खरं, पण तिसऱ्या वर्षी मी जयूसमोर अडीच मिनिटं पळाले आणि आम्ही एका गुणानं जिंकलो. सर मैदानात लहान मुलासारखे नाचले.

पुढं जयू राज्याच्या संघात गेली, पदकं मिळवली, पोलिसात लागली. मी जिल्ह्यापुढं गेले नाही. येडशीतच खेळाची शिक्षिका झाले. चहाच्या टपरीवर अजूनही तो सोन्या-पितळेचा वाद निघतो आणि मी दिसले की लोक विषय बदलतात. मला ते लागायचं. खोटं कशाला सांगू?

मागच्या वर्षी सर पुण्याला मुलाकडं कायमचे निघाले. स्टेशनवर मी धीर करून विचारलं, "सर, खरं सांगा. फसलात ना तुम्ही?"

"खेळात फसलो," ते लगेच म्हणाले. "जयू ती जयूच. तिच्यासारखी पुन्हा न्हाय मिळायची."

माझा चेहरा पडला. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"पण तिला म्या काय शिकवलं? ती येतानाच सगळं घेऊन आल्ती. मी नुसता शिट्टी वाजवायचो. तू आलीस, तुला काय बी येत नव्हतं, तवा मला मास्तर व्हावं लागलं."

गाडी आली. त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. मी पाया पडायचं विसरले, ते गाडी सुटल्यावर लक्षात आलं.