थर्मोस्टॅटचा बोल्ट आणि नानांचा डावा हात

नाना गेले त्याला आज वर्ष झालं. वर्षभर मी एक गोष्ट लपवून ठेवली होती.

नाना म्हणजे माझे सासरे. भडगावचे. शेती केली, आणि आयुष्यभर स्वतःचा ट्रॅक्टर, स्वतःची पाण्याची मोटर स्वतःच खोलली. मेकॅनिकला वाड्यात पाऊल ठेवू दिलं नाही.

माझ्याशी फार बोलायचे नाहीत. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, तरी आमच्यात दोनच वाक्यं.
"या पाव्हणा."
"निघाले का?"

सोमवारी सकाळी त्यांना जळगावला हार्टच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. चालताना धाप लागायची. म्हणून मी आणि माझी बायको वैशाली शनिवारीच गाडी घेऊन भडगावला गेलो.

रविवारी सकाळी बघतो तर गाडीखाली कूलंट ठिबकतंय.

मी व्हिडिओ बघून गाडीची लहानसहान कामं करतो. मला वाटलं, थर्मोस्टॅटचं झाकण सैल झालंय. इंजिनचं पाणी तिथून फिरतं. बोल्ट आवळला. अजून थोडा आवळला.

कट्ट.

बोल्टचं डोकं माझ्या हातात, उरलेला बोल्ट इंजिनमध्ये.

नाना ओट्यावरून उठून आले. वाकून बघितलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"जोर लावा म्हनीसन तुटना," ते म्हणाले. "आते धीर धरा. लोखंडबी रुसस."

बोल्ट अगदी सपाटीला तुटलेला. पकडायला काहीच नाही. नानांनी आधी त्यावर डिझेल सोडलं आणि तासभर हात लावू दिला नाही. मग पंचने बरोबर मधोमध खूण केली. ड्रिल मी धरलं, तर माझ्या हातून काढून घेतलं.

"तिरपं गयं तं बठ्ठं इंजिन वाया जाई."

मी टॉर्च धरली. ते बॉनेटखाली वाकून थोडं थोडं भोक पाडत होते. थांबायचे, डिझेल टाकायचे, पुन्हा सुरू. मधेच त्यांच्या पहिल्या ट्रॅक्टरची गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांच्या रागाची सांगितली. नऊ वर्षांत बोलले नव्हते तेवढं त्या दिवशी बोलले.

खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं. ते संपू नये असं वाटत होतं.

दुपारी त्यांनी ड्रिल खाली ठेवलं आणि डावा हात चोळला. खांद्यापासून कोपरापर्यंत. कपाळावर घाम.

"नाना, काय होतंय?"
"काही नही. हात भरी वना."
"राहू द्या. दवाखान्यात जाऊ. दुसरी गाडी बघतो."
"उद्या जानंच शे ना. वैशूले सांगू नका, ती उगाच घाबरी."

मी ऐकलं.

म्हणजे, मला ऐकायचंच होतं.

चारच्या सुमारास त्यांनी जुन्या कानशीचा घासून चौकोनी केलेला तुकडा भोकात ठोकला. त्याला पाना लावला. पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. आणि बोल्ट फिरला.

"निंघना!" नाना ओरडले. माझ्या पाठीवर थाप मारली. पहिल्यांदाच.

नवा बोल्ट बसवला. पाणी भरलं. एक थेंब गळला नाही.

सोमवारी पहाटे आंघोळीला जाताना ते दारातच खाली बसले. त्यांना गाडीत घातलं. वैशाली मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. गाडी सुरेख पळत होती.

पाचोरा यायच्या आधीच नाना गेले.

दहाव्याला सगळे मला म्हणत होते, "जावई असावा तर असा. सासऱ्यासाठी दिवसभर राबून गाडी चालती केली."

मी मान खाली घालून ऐकत राहिलो. वर्षभर ऐकतोय.

काल संध्याकाळी वैशाली आजच्या स्वयंपाकाची डाळ निवडत होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. हात, घाम, "वैशूले सांगू नका", सगळं.

तिने ताट बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता हे घर पूर्वीसारखं राहणार नाही.

मग म्हणाली, "त्या रविवारी रात्री जेवणानंतर त्यांनी माझ्याकडे बाम मागितला होता. मीच चोळला हात. म्हणाले, पाव्हण्याला सांगू नको, त्याला वाईट वाटेल, दिवसभर मी त्याच्याबरोबर राबलो ना."

"मला बोलली नाहीस?"

"तू बोललास?"

आम्ही दोघं तिथेच बसून रडलो. बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण आता ते ओझं उचलायला दोघं आहोत.

आज सासूबाई येतील. त्यांनाही सांगणार आहोत. त्या काय म्हणतील माहीत नाही.

तुमच्या घरात कुणी हात चोळत "काही नाही" म्हणालं, तर काम तिथेच टाका. गाडी राहू द्या उघडी.

नाना, चुकलो. तुमच्यासोबतचा तो एकच दिवस मला मिळाला, आणि तोच मी असा घालवला.

तुम्हाला मनापासून नमस्कार. शांत झोपा.