अन्वरभाईंचं पेडल मी नापास केलं, त्याबद्दल

डंपर गेला आणि टेक वाया गेला. सकाळपासूनचा सहावा.

पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या त्या रेकॉर्डिंग स्टुडिओला दुहेरी काचेच्या खिडक्या होत्या. दारंही जाड होती. पण जमिनीचं काय करणार? आजूबाजूला इमारती उठत होत्या. मातीने भरलेला डंपर रस्त्यावरून गेला की आमची फरशी थरथरायची आणि फरशीवरच्या गिटार अ‍ॅम्पमधली स्प्रिंग खणाणायची. जिन्यावरून कोणी पत्र्याची ट्रंक सोडून द्यावी तसा आवाज.

"कर्णिक, या स्प्रिंगचा कायतरी करा," स्टुडिओचे मालक जनूशेठ म्हणाले. "नायतर सीडीच्या कव्हरवर डंपरवाल्याचा पन नाव टाकावा लागंल."

मी तीस वर्षं मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये मेंटेनन्स केला. निवृत्त होऊन नवीन पनवेलला राहायला आलो आणि आठवड्यातले चार दिवस जनूशेठकडे जायला लागलो. ते आगरी-कोळी गाण्यांच्या सीड्या काढत. या वेळी मात्र प्रकार वेगळा होता. जुन्या कोळी चाली, शब्दांशिवाय, नुसत्या गिटारवर, आणि त्याही सर्फ गिटारच्या ढंगात. कल्पना दामोदर कोळीची. दामू उरणचा. आठ वर्षं प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये वाजवून परत आला होता.

सर्फ गिटार म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावर लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या पोरांसाठी साठच्या दशकात हे संगीत निघालं. गिटारचा सूर ओला वाटतो. तार दाबून छेडली की सुराच्या मागे थेंब पडल्यासारखा आवाज येतो. हा थेंब वादक काढत नाही, स्प्रिंग काढते. अ‍ॅम्पमध्ये एका डब्यात लांब स्प्रिंगा ताणलेल्या असतात. आवाज त्यांच्यातून पाठवला की जाड भाग आधी पोचतो, बारीक भाग मागून रेंगाळत येतो. या रेंगाळण्यालाच कान पाणी समजतो. आवाज असा घुमवण्याला रिव्हर्ब म्हणतात.

खरी स्प्रिंग डंपर जगू देत नव्हते. उपाय एकच होता, डिजिटल रिव्हर्ब पेडल. पायाने दाबायचा छोटा डबा. त्यात स्प्रिंग नसते, चिप असते आणि स्प्रिंगची नक्कल करणारा प्रोग्रॅम असतो. मुंबईच्या एका दुकानातून दोन परदेशी पेडल्स ट्रायलला आणली. तिसरं अन्वरभाईंचं.

अन्वर मुकादम पनवेलचेच, कोकणी मुसलमान. बहारीनला बावीस वर्षं रेडिओ टेक्निशियन होते. परत आल्यावर घरातल्या एका टेबलावर त्यांनी दोन वर्षं हे पेडल घडवलं. प्रोग्रॅमसुद्धा स्वतः लिहिला. डबा अ‍ॅल्युमिनियमचा, रंग नाही, अक्षरं मार्करने लिहिलेली.

"जावई तिकडे बोलवतोय," ते मला म्हणाले होते. "जागा तयार आहे. पण हे चाललं ना साब, तर मी जात नाही. जुबेदाला या वयात पुन्हा एकटी ठेवायची म्हणजे..."

जनूशेठनी शब्द दिला होता. कर्णिक निवडतील ते पेडल सीडीवर वाजेल. अन्वरभाईंचं निघालं तर कव्हरवर त्यांचं नाव, आणि शेठच्या ओळखीच्या सगळ्या स्टुडिओंना त्यांची शिफारस.

माझी टेस्ट चोख होती, निदान मला तसं वाटत होतं. दामूने एकच तुकडा वाजवला. तो कोरडा रेकॉर्ड केला, म्हणजे कुठलाही रिव्हर्ब न लावता. मग तोच तुकडा तिन्ही पेडल्समधून फिरवला, म्हणजे हाताचा फरक उरत नाही. पेडल्सवर पुठ्ठा झाकला आणि क, ख, ग अशी नावं दिली. मूळचा कोरडा सूर किती आणि रिव्हर्ब किती, हे ठरवणाऱ्या नॉबला मिक्स म्हणतात. तिन्ही मिक्स घड्याळातल्या बाराच्या जागी ठेवले, बरोबर मध्यावर. कोणावर अन्याय नको.

क वाजलं. दामू म्हणाला, "ह्यो न्हानीत बसून वाजवतंय कोनतरी."

ख वाजलं. "ह्यो बरा हाय. याच्यात थोडा पानी हाय."

ग वाजलं. दामूने कान पुढे केला, मग कपाळावर हात ठेवून दूर बघितल्यासारखं केलं. "याची लाँच चुकली वाटतं. आजून मोऱ्याच्या धक्क्यालाच हाय."

जनूशेठ पोट धरून हसले. मीही हसलो. अन्वरभाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. आपलं कुठलं ते त्यांनी ओळखलं असणारच.

"कर्णिकसाब," ते म्हणाले, "मिक्स जरा वाढवून ऐका ना. एकदाच."

"घ्या! आता तुमचं कुठलं ते सगळ्यांना कळलं," मी म्हणालो. "आणि एकाचा वाढवला तर सगळ्यांचा वाढवावा लागेल. नियम सगळ्यांना सारखा, अन्वरभाई."

हे वाक्य बोलताना मला बरं वाटलं होतं. तेही लिहून ठेवतो.

ख पास झालं. जनूशेठ सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्या कर्णिकांनी दोस्ताचा पन लाड नाय केला."

अन्वरभाईंचं पेडल स्टुडिओतच राहिलं होतं. चार दिवसांनी दुपारी एक वाजता मी एकटाच होतो. एक ते दोन डंपरवाले जेवायला थांबत, त्यामुळे तेवढा एक तास शांतता असे. निव्वळ कुतूहल म्हणून मी ग जोडलं आणि मिक्स फिरवत गेलो. एकच्या जागी, दोनच्या जागी... तीनच्या जागी पोचलो आणि थेंब पडला.

मी खुर्चीतून उठलो. अ‍ॅम्पची खरी स्प्रिंग चालू केली. एकदा ती, एकदा पेडल, असं आलटून पालटून ऐकलं. डोळे मिटले तर कुठलं काय ते सांगता येईना. ख याच्या जवळपासही नव्हतं.

स्क्रू काढून डबा उघडला. मिक्सच्या नॉबखाली जो भाग असतो त्याला पॉट म्हणतात. पॉट दोन जातींचे. एक सरळ वाढतो, मध्यावर ठेवला की अर्धा आवाज देतो. दुसरा रेडिओच्या व्हॉल्यूमचा, तो सुरुवातीला हळूहळू आणि शेवटी भराभर वाढतो. मध्यावर तो जेमतेम दहा-पंधरा टक्के देतो. अन्वरभाईंनी हा दुसरा बसवला होता. म्हणजे इतर दोघांना मी अर्ध्या जोरावर ऐकलं आणि याला एक अष्टमांश जोरावर. चूक टेस्टमध्ये होती, पेडलमध्ये नव्हती. हे नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवतात. नॉब कुठे आहे ते बघायचं नाही, आवाज सारखा झाला का ते ऐकायचं.

तोवर दोनच गाणी रेकॉर्ड झाली होती. सांगितलं असतं तर शेठ दोन शिव्या घालून ती पुन्हा करायला तयार झाले असते. मी स्क्रू घट्ट केले.

संध्याकाळी अन्वरभाई पेडल न्यायला आले. चहा घेतला. मग एखाद्या विद्यार्थ्यासारखं विचारलं, "साब, खरं सांगा. कमी कुठे पडलं? सर्किट की प्रोग्रॅम?"

मी म्हणालो, "प्रोग्रॅम. आवाज लांबचा वाटतो."

चूक होणं वेगळं आणि हे वेगळं. टेस्ट चुकली ती माझ्या हलगर्जीपणाने. हे मात्र समजून-उमजून बोललो. शेठसमोर, दामूसमोर मिळालेला मान चार दिवसांत परत करायची माझी तयारी नव्हती. एवढंच कारण आहे. दुसरं शोधूनही सापडलं नाही.

दोन महिन्यांनी ते पुन्हा आले. चेहरा उजळलेला. "आता ऐका. बराबर जवळ आणलाय."

मिक्स बारावर ठेवून मी ऐकलं. आवाज जवळ आला होता खरा. पण बारीक सुरांचं ते रेंगाळणं गेलं होतं. दूरपणा घालवायचा म्हणून त्यांनी नेमकं तेच कापून टाकलं होतं. बादलीवर चमचा मारल्यासारखा आवाज येत होता.

"जुना प्रोग्रॅम आहे ना कुठे?" मी विचारलं.

"नाही. त्याच फाइलवर सेव्ह करत गेलो. का?"

"सहज."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग स्वतःच पेडलची वायर गुंडाळायला लागले. ईद झाल्यावर ते बहारीनला गेले. जुबेदाभाभी मार्केटमध्ये दिसायच्या, एकट्या. एकदा मासे घेताना त्यांनी विचारलं, "भाईसाब, यांचा त्या डब्यात काय चुकला होता हो?" मी म्हणालो, "फार टेक्निकल आहे भाभी." आणि सुरमई न घेताच निघालो.

अन्वरभाई सहा वर्षांनी कायमचे परत आले. कळल्यावर मी तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. भाभींनी पाणी दिलं. मी ग्लास हातात धरूनच सगळं सांगितलं. पॉट, बारा, तीन, स्क्रू, आणि मी काय खोटं बोललो ते.

अन्वरभाईंनी विचारलं ते भलतंच.

"तीनवर कसा वाजला?"

"स्प्रिंगसारखा."

"सारखा म्हणजे जवळपास, की तसाच?"

"तसाच. डोळे मिटून ओळखता येत नव्हतं."

"म्हणजे झाला होता," ते म्हणाले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने, "जुबेदा, ऐकलंस? तो झाला होता!"

भाभी दारात आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या. त्या दिवशी चहा आला नाही. यायला नकोच होता.

"पॉट तर मीच बसवला होता, साब," अन्वरभाई म्हणाले. "दुकानात तोच मिळाला. मी घरी कानाने लावायचो. नॉब कुठे जातो ते कोण बघतो? पण तुम्ही प्रोग्रॅम म्हणालात. मग मी पॉटकडे कशाला बघीन? सहा वर्षं मला वाटत होतं, माझा कान गेला."

मी म्हणालो, पुन्हा बनवू. मी मदत करतो, लागेल तेवढी.

"आता खरंच गेलाय," ते म्हणाले. "वरचे सूर ऐकू येत नाहीत. डॉक्टरने तपासला. तुम्ही सांगाल थेंब पडला, मी मान हलवीन. असं काम होत नाही."

तिथून बाहेर पडून मी जनूशेठना फोन लावला. त्यांनाही सगळं सांगितलं.

"कंची सीडी?" ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांना आठवलं. "आरे, ती? ती कोन घेतली कर्णिक! खोकी पडून हायेत माझ्याकडं. तुमाला पायजेत का?"

ज्या सीडीपायी मिळालेल्या मानासाठी मी इतकं झाकलं, तिची ही किंमत. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो आहे. पनवेलच्या अन्वर मुकादमांनी बनवलेलं डिजिटल स्प्रिंग रिव्हर्ब पेडल त्या टेस्टमधल्या तिन्ही पेडल्समध्ये सर्वांत चांगलं होतं. ते नापास करणाऱ्याची टेस्ट चुकीची होती, आणि ते त्याला चार दिवसांत कळलं होतं.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना एकच सांगतो. ज्याने वस्तू बनवली तो 'जरा वाढवून ऐका' म्हणाला, तर वाढवून ऐकावं. नॉब फिरवायला दोन सेकंद लागतात.